केमोच्या आधीचा प्रश्न आणि अँटिऑक्सिडंटचा डबा

मागच्या पौर्णिमेला वाईच्या विहारात वंदना झाल्यावर एक आक्का मागे थांबल्या. सगळे पांगल्यावर त्यांनी पिशवीतून प्लास्टिकचा एक पांढरा डबा काढला. डब्यावर डाळिंब, द्राक्षे आणि हळकुंडाचे चित्र होते. "सिस्टर, हे पोराला चालू करू का? विकणारा म्हणाला, केमोनं पुढं मूलबाळ होत नाही, पण हे अँटिऑक्सिडंट घेतलं की धोका टळतो." साठ कॅप्सूल, अठराशे रुपये. पोरगा चोवीस वर्षांचा, लग्न व्हायचे आहे. मानेत गाठी आल्या, तपासणीत लिम्फोमा निघाला. पहिली केमो गुरुवारी होती आणि तो दिवस सोमवार होता.

आम्ही डबा बाजूला ठेवला आणि आधी एवढेच विचारले, "मूलबाळाबद्दल दवाखान्यात कोणी काही बोललं का?" कोणीच बोलले नव्हते. रक्त तपासले, सोनोग्राफी झाली, योजनेचे कागद झाले, सही झाली. विकणाऱ्याने अर्धी गोष्ट खरी सांगितली होती. ती अर्धी गोष्ट दवाखान्यात कोणी सांगितली नाही, म्हणूनच आक्कांनी अठराशे रुपये मोजले.

आपल्या वस्त्यांमध्ये आता कर्करोग नवा राहिलेला नाही. परळच्या टाटा रुग्णालयाच्या फाइली घरोघरी दिसतात, कोणी कराडला जाते, कोणी मिरजेला, कोणी पुण्याला. केस गळणे, उलट्या, तोंड येणे या गोष्टी आता सगळ्यांना माहीत आहेत. पण तरुण पुरुषाच्या वीर्यावर केमोचा काय परिणाम होतो, हे घरात बोलले जात नाही आणि वॉर्डातही फारसे बोलले जात नाही. म्हणून या वेळचे पान त्यासाठी.

केमोचे औषध शरीरात गेले की भराभर वाढणाऱ्या पेशींवर त्याचा मारा होतो. कर्करोगाची पेशी भराभर वाढते म्हणून ती मरते. केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आत, हाडांच्या मगजात जिथे रक्त तयार होते तिथेही पेशी अशाच वाढत असतात, म्हणून त्याही सापडतात. पुरुषाच्या अंडकोषात रोज कोट्यवधी शुक्रजंतू तयार होत असतात. एक शुक्रजंतू पूर्ण तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. स्ट्रॉबेरीची किंवा कांद्याची रोपे वाफ्यात जशी टप्प्याटप्प्याने वाढतात तसेच हे असते. खाली मूळ पेशी असतात, त्यातून पुढच्या पेशी फुटत राहतात. केमोने वाढती रोपे जळतात. मूळ पेशी शाबूत राहिल्या तर वाफा पुन्हा भरतो, काहींचा वर्षभरात, काहींचा दोन ते पाच वर्षांत. मूळ पेशीच गेल्या तर मात्र वाफा रिकामाच राहतो.

कोणाचे काय होईल हे औषधावर आणि एकूण डोसावर ठरते. सायक्लोफॉस्फमाइड आणि त्याच्या जातीची औषधे मोठ्या डोसात दिली तर धोका जास्त असतो. लिम्फोमावर पूर्वी प्रोकार्बाझिन असलेली केमो देत, तिच्यानंतर बहुतेक पुरुषांचे शुक्रजंतू कायमचे जात. आता त्या आजारावर जी औषधे नेहमी वापरतात त्यांच्यानंतर बहुतेकांचे परत येतात. अंडकोषाच्या कर्करोगावरचे सिसप्लॅटिन मध्यल्या ठिकाणी आहे, बऱ्याच जणांचे काही वर्षांत परत येतात, सगळ्यांचे नाही. बोन मॅरो बदलण्याआधी जी जबर केमो देतात, ती सर्वांत वाईट. औषधांची नावे आणि मात्रा तुमच्या फाइलमध्ये लिहिलेल्या असतात. त्यावर बोट ठेवून डॉक्टरांना विचारता येते.

एक गैरसमज आधी काढून टाकू. यात "पुरुषपण" जात नाही. पुरुषी हार्मोन तयार करणाऱ्या पेशी वेगळ्या असतात आणि त्या केमोला बऱ्यापैकी टिकतात. दाढीमिशी, आवाज, इच्छा, संबंध हे बहुतेकांचे पूर्ववत राहते किंवा अशक्तपणा गेला की परत येते. वीर्यही नेहमीसारखेच दिसते. त्यात शुक्रजंतू आहेत की नाहीत, हे फक्त सूक्ष्मदर्शकाखाली कळते. यामुळेच पुढे घोळ होतो, कारण गड्याला वाटते माझ्यात काय कमी आहे, आणि मग सगळा दोष बाईकडे जातो.

आता डब्याकडे येऊ.

गोडेतेल उघडे राहिले की खवट होते. कापलेले सफरचंद काळे पडते, लिंबू चोळले की पडत नाही. हवेतल्या ऑक्सिजनचा हा परिणाम. शरीरातही ऑक्सिजनचे काही उपद्रवी कण तयार होत असतात, त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात, आणि त्यांना आवर घालणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, टोमॅटोचा लाल रंग, हळदीतले कर्क्युमिन, सगळे त्याच कामाचे. शुक्रजंतूच्या वरच्या पातळ आवरणात चरबी बरीच असते आणि झालेली नासधूस दुरुस्त करायची ताकद त्याच्यात फार थोडी असते. म्हणून तो तेलासारखा लवकर "खवट" होतो. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे तांबडे इंजेक्शन, आणि सिसप्लॅटिन यांनी हे उपद्रवी कण वाढतात. तेव्हा अँटिऑक्सिडंट दिले तर शुक्रजंतू वाचतील, हा विचार शास्त्राला सोडून नाही.

तो विचार उंदरांवर पुष्कळ तपासून झाला आहे. उंदराला केमोचे औषध द्यायचे, सोबत ई जीवनसत्त्व, क जीवनसत्त्व, टोमॅटोतले लायकोपीन, मेलॅटोनिन किंवा कर्क्युमिन द्यायचे, आणि मग अंडकोष तपासायचे. अशा बऱ्याच प्रयोगांत नुकसान कमी झालेले दिसले. डब्यावर "संशोधनाने सिद्ध" असे जे छापतात ते इथून येते. पण त्या उंदरांना बहुतेक वेळा कर्करोग नसतो. निरोगी उंदराला विष आणि उतारा सोबत दिलेला असतो. आपल्या पोराच्या अंगात गाठ आहे. केमो घेणाऱ्या माणसाला गोळ्या दिल्या, त्याचे शुक्रजंतू वाचले आणि कर्करोगही तितकाच बरा झाला, हे माणसांवर सिद्ध झालेले नाही.

यातली खरी भीती वेगळी आहे. काही केमो आणि रेडिएशन कर्करोगाच्या पेशीला ज्या मार्गांनी मारतात त्यातला एक मार्ग हे उपद्रवी कणच आहेत. गोळीला अंडकोष कुठला आणि गाठ कुठली हे कळत नाही. शुक्रजंतूला छत्री धरायला गेलो आणि ती गाठीवरही धरली गेली, तर कोणाला समजणार? म्हणून कर्करोगाचे बहुतेक डॉक्टर केमो चालू असताना जास्त ताकदीच्या अशा गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका म्हणतात. "जीवनसत्त्वच आहे, त्याने काय होतंय" असे म्हणणाऱ्यांसाठी फिनलंडचे उदाहरण. तिथे २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठा अभ्यास झाला. गाजरात असते ते बीटा कॅरोटीन गोळीतून दिले तर फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अभ्यास करणाऱ्यांनाही हे अपेक्षित नव्हते.

आणि ज्यांना कर्करोग नाही, नुसते मूल होत नाही, त्यांचे काय? अमेरिकेत वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या २,३७० जोडप्यांतल्या पुरुषांपैकी निम्म्यांना सहा महिने झिंक आणि फॉलिक ॲसिड दिले, निम्म्यांना नुसती गोळीसारखी दिसणारी गोळी. २०२० मध्ये निकाल आला: वीर्य सुधारले नाही, मुलेही जास्त झाली नाहीत. मेडिकलमध्ये "पुरुषांसाठी खास" म्हणून जी पाकिटे टांगलेली असतात त्यात झिंक असतेच असते.

मग हळद बंद करायची का? अजिबात नाही. हळद आपल्या रानात पिकते, सांगलीच्या पेठेतून देशभर जाते, आणि कालवणात चमचाभर पडते. ती चमचाभर हळद वेगळी आणि मिरीचा अर्क घालून शरीरात जास्त मुरेल असे केलेले कर्क्युमिनचे कॅप्सूल वेगळे. अशा कॅप्सूलने यकृताला सूज आलेली माणसे डॉक्टरांनी पाहिलेली आहेत, आणि केमोच्या रुग्णाचे यकृत आधीच औषधांनी दमलेले असते. जेवणातले टोमॅटो, पालेभाजी, लिंबू, पेरू, शेंगदाणे, डाळी, अंडी खुशाल द्या. फक्त पांढऱ्या पेशी उतरलेल्या दिवसांत कच्चे खाणे सांभाळून द्या. स्ट्रॉबेरी तर त्या दिवसांत नकोच, तिच्या बारीक खाचांतली माती धुऊन निघत नाही. शिजवलेले, गरम खावे. आणि ज्याला खरोखर उपद्रवी कण कमी करायचे आहेत त्याने मिसरी, तंबाखू, बिडी सोडावी. तिला पैसे लागत नाहीत, उलट वाचतात.

डबा संरक्षण देत नाही, मग काय देते? केमोच्या पहिल्या सलाइनच्या आधी वीर्य काढून गोठवून ठेवणे. अंडकोष वाचवायची खात्रीची युक्ती आज कोणाकडे नाही, म्हणून जे तयार आहे तेच आधी बाजूला काढून ठेवायचे, जसे आपण पेरणीआधी बियाणे वेगळे ठेवतो. याला वीर्य जतन करणे म्हणतात, ठेवतात ती जागा वीर्यपेढी किंवा स्पर्म बँक. पुणे-कोल्हापूरसारख्या शहरांत वंध्यत्वाच्या दवाखान्यांशी जोडलेल्या अशा पेढ्या आहेत. २०२१ च्या कायद्याने त्यांना सरकारी नोंदणी सक्तीची आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारून घ्या.

करायचे काय, ते मोकळेपणाने सांगतो. रक्ताची तपासणी होते, एचआयव्ही आणि कावीळ ब व क यांची. शक्य असेल तर आधी दोन-तीन दिवस वीर्य जाऊ द्यायचे नाही. मग पेढीतल्या बंद खोलीत हस्तमैथुनाने नमुना काढून डबीत द्यायचा. वेळ असेल तर एक-दोन दिवसांच्या अंतराने दोन-तीन नमुने देता येतात. वेळ नसेल तर एकही पुरतो, कारण १९९२ पासून एका बीजांडात एकच शुक्रजंतू सुईने सोडण्याची पद्धत आली आहे. आजारामुळे आधीच शुक्रजंतू कमी असले तरी म्हणून ठेवण्यात अर्थ राहतो. नमुना द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवतात. तिथे तो नासत नाही. इंग्लंडमध्ये १७ वर्षांच्या एका मुलाने अंडकोषाच्या कर्करोगावरच्या उपचाराआधी ठेवलेल्या वीर्यापासून २१ वर्षांनी निरोगी मूल झाले, त्याची वैद्यकीय नोंद २००४ मध्ये छापून आली आहे.

वयात आलेला मुलगा, तेरा-चौदाचा असला तरी, नमुना देऊ शकतो. त्याहून लहान मुलांसाठी अंडकोषाचा तुकडा गोठवायचे प्रयोग चालू आहेत, पण ते अजून प्रयोगच. केमो एकदा सुरू झाली की मात्र नमुना ठेवण्याचा सल्ला देत नाहीत, कारण त्या शुक्रजंतूंच्या आतल्या गुणसूत्रांना इजा झालेली असू शकते. म्हणून आम्ही पुन्हापुन्हा "पहिल्या सलाइनच्या आधी" म्हणतो.

खर्चाचे सांगायचे तर तो काही हजारांत जातो, आणि पुढे दर वर्षी ठेवणावळ भरावी लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो बसते. वीर्य ठेवणेही तिच्यात बसेल असे धरून चालू नका. पेढीत "कर्करोगाचा रुग्ण आहे, सवलत आहे का" हे तोंड उघडून विचारा. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागातही विचारा, संस्थांची मदत त्यांच्याच हातून मिळते.

आम्ही वॉर्डात नोकरीला होतो तेव्हाची एक गोष्ट आम्हाला अजून टोचते. एकोणीस वर्षांचा पोरगा, सायक्लोफॉस्फमाइड भरपूर मिळाले, बरा होऊन गेला. त्याच्या सलाइनच्या बाटल्या आम्ही स्वतः लावल्या. त्याला हा प्रश्न ना डॉक्टरांनी विचारला, ना आम्ही. त्याच आठवड्यात खासगी खोलीतल्या एका तरुणाला मात्र डॉक्टर पुण्याला पाठवून आले होते. गरिबाला विचारू नका असे कुठे लिहिलेले नव्हते, पण जनरल वॉर्डातल्या माणसाला हा खर्च झेपायचा नाही हे सगळ्यांनी मनातच ठरवून टाकले होते, आमच्यासह. आठ-नऊ वर्षांनी तो बायकोला घेऊन आमच्याकडे आला. तोवर तिच्या तीन सोनोग्राफ्या, नळ्यांचा एक्स-रे, दोन वैदू आणि सासरच्यांचे टोमणे असे सगळे होऊन गेले होते. त्याची तपासणी एकदाही नव्हती. काहीशे रुपयांची वीर्य तपासणी आम्ही करून घेतली. शुक्रजंतू शून्य. तो पोरगा रिपोर्ट हातात धरून म्हणाला, "सिस्टर, तवाच सांगायचं हुतं की." आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढे त्या दोघांनी दत्तकासाठी सरकारी यंत्रणेत नाव नोंदवले आणि आज त्यांच्या घरात एक मुलगी आहे. पण त्या बाईने जी वर्षे सोसले ती कोणी परत देऊ शकत नाही.

आता प्रश्न येतो तो लाजेचा. आईने हे पोराशी बोलायचे कसे? बापाच्या तोंडून तर शब्द फुटत नाही. आमचा अनुभव असा की मामा, मोठा चुलतभाऊ किंवा बरोबरीचा मित्र हे काम चांगले करतो. तेही नसेल तर नर्सला बाजूला घेऊन सांगा, "त्याच्याशी एकट्याशी बोला." पोरगा आईबापांसमोर नाही म्हणेल आणि एकट्यात हो म्हणेल, असे बऱ्याचदा होते. घरातून दुसरा आवाज येतो तो असा: "आधी जीव वाचू दे, मूलबाळाचं मागनं बघू." जीव आधी, यात वादच नाही. रक्ताचा कर्करोग जोरात असेल तर डॉक्टर एक दिवसही थांबू देणार नाहीत आणि तेव्हा थांबूही नये. पण बहुतेक गाठींच्या आजारात दोन-तीन दिवसांनी उपचाराचे नुकसान होत नाही, आणि ते ठरवायचे डॉक्टरांनी. आपण विचारायचे एवढेच: "पहिल्या केमोआधी वीर्य ठेवायला दोन दिवस मिळतील का?"

पेढीत फॉर्म भरताना एका रकान्याकडे नीट बघा. रुग्णाचे काही बरेवाईट झाले तर नमुन्याचे काय करायचे, हे तिथे लिहून द्यायचे असते. रकाना कडू आहे, पण रिकामा सोडू नका. दिल्लीत एका अविवाहित तरुणाने जून २०२० मध्ये केमोआधी वीर्य ठेवले, सप्टेंबरमध्ये तो गेला. आईवडिलांनी नमुना मागितला, रुग्णालयाने दिला नाही. उच्च न्यायालयाने तो आईवडिलांना द्या असा निकाल ऑक्टोबर २०२४ मध्ये दिला, तोवर चार वर्षे गेली होती.

केमो चालू असताना आणि संपल्यावर किमान सहा महिने, काही डॉक्टर वर्षभर सांगतात, निरोध वापरायचाच. औषध वीर्यातून उतरते, आणि इजा झालेल्या शुक्रजंतूपासून गर्भ राहू नये हेही त्यात आहे. "मला आता होतच नाही" असे समजून निरोध सोडू नका, शुक्रजंतू गुपचूप परत आलेले असू शकतात. केमो संपून वर्ष झाले की वीर्य तपासा. शून्य निघाले तर खचू नका, पुन्हा वर्षाने तपासा. तरीही शून्यच असेल तर अंडकोषातून सूक्ष्म शस्त्रक्रियेने शुक्रजंतू शोधता येतात, काहींना तिथे सापडतात. लग्न ठरवताना मुलीला आणि तिच्या घरच्यांना हे सांगूनच लग्न करा. लपवले तर भरडली जाते ती तीच.

केमो झाली म्हणजे संसार संपला असे मानणाऱ्यांना आम्ही युवराज सिंगचे नाव सांगतो, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे. २०११ चा विश्वचषक गाजवणाऱ्या या खेळाडूच्या छातीत दोन फुप्फुसांच्या मध्ये गाठ निघाली, अंडकोषाच्या कर्करोगाच्या जातीची. २०१२ मध्ये अमेरिकेत केमो झाली, त्याच वर्षी तो पुन्हा मैदानात उतरला, पुढे लग्न झाले, २०२२ मध्ये मुलगा झाला. कसा झाला हा त्याच्या घरचा प्रश्न, आपण कशाला विचारायचा.

आक्कांच्या पोराचे असे झाले. सोमवारी रात्री आम्ही त्याच्या मामांना फोन केला. मंगळवारी मामांनी डॉक्टरांना विचारले. डॉक्टर म्हणाले, "हो, करून घ्या, मी चिठ्ठी देतो." चिठ्ठी द्यायला त्यांची काहीच हरकत नव्हती, फक्त कोणी मागितली नव्हती. बुधवारी मामा-भाचे सकाळच्या एसटीने पुण्याला गेले आणि दुपारी नमुना देऊन परत आले. गुरुवारी ठरल्या वेळेला केमो लागली. विकणाऱ्याने डबा परत घ्यायला नकार दिला आहे. आक्का म्हणतात पैशाचे राहू दे. आम्ही मात्र बिल मागितले आहे. त्याने बिलच दिलेले नव्हते, तेव्हा तुम्ही असले काही घ्याल तर आधी बिल घ्या, आणि घेण्याआधी डबा केमोच्या डॉक्टरांना दाखवा.

मुलींच्या आणि तरुण बायांच्या बाबतीत केमोआधी काय विचारायचे, ते वेगळे आहे आणि त्याला वेळही जास्त लागतो. ते पुढच्या अंकात.